सॉसेजचा खिमा फसतो कुठं? मसाला परतायला मिळत नाही तिथं

भाऊ, तुमचं वाचून मला माझी पहिली दोन वर्षं आठवली. म्हणजे तुम्ही केलं ते असं: १ किलो पोर्कचा तयार खिमा आणला, त्यात २ चमचे मीठ, बाजारची आलं-लसूण पेस्ट, घरचा सावजी मसाला, हळद, तिखट, बारीक चिरलेला कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, वरून लिंबू पिळलं, टिक्क्या थापल्या आणि तव्यावर टाकल्या. वरून जळाल्या, आतून कोरड्या, सराटा (उलथणं) लावला की भुरभुर, आणि चव कच्च्या मसाल्याची. तुम्हाला पाहिजे होतं ते अंड्यासोबत नाश्त्याला देतात तसलं सॉसेज, फक्त जरा आपल्याकडचं झणझणीत.

मी २२ वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली, त्यातली निम्मी कोल्ड किचनला, म्हणजे जिथं हॅम, सॉसेज, सॅलड असलं थंड काम चालते. आता नागपुरात घरूनच, थंडीच्या सीझनमध्ये ऑर्डरवर सॉसेज करून राहिलो. त्यामुळं थोडं लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुमचा मसाला वाईट नाही, त्याला चुकीच्या जागी कामाला लावलं. आपल्याकडं मसाल्याची सगळी जादू तेलात होते. सावजीच घ्या ना. खोबरं, खसखस, खडा मसाला भाजला, वाटण केलं, जवसाच्या नाहीतर फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) तेलात ते कडेनं तेल सुटेपर्यंत परतलं, मग मटण, मग पाणी, मग तासभर रटरट. त्या परतण्यात धने-हळदीचा कच्चेपणा जातो, दगडफूल उघडते, तर्री वर येते. आता सॉसेजमध्ये काय होते बघा. मसाला कच्च्या थंड मांसात कालवला आणि ते मांस आपण आतून नेतो ७१ डिग्रीपर्यंत. टपरीवरचा चहा त्याच्यापेक्षा गरम असते. टिकीचा वरचा पापुद्रा सोडला तर आतल्या मसाल्याच्या नशिबी परतणं येतच नाही. शिजलेल्या मांसात कच्चा मसाला बसून राहतो, आणि वरून आपल्याला वाटते की कमी पडला, म्हणून पुढच्या वेळी अजून एक चमचा टाकतो आपण.

म्हणून ज्यांच्याकडं सॉसेज पिढ्यानपिढ्या होते त्यांचे मसाले बघा. अमेरिकन नाश्त्याच्या सॉसेजमध्ये सेज आणि थाईम ही परदेशी सुगंधी पानं, काळी मिरी, चिमूटभर जायफळ. इटालियनमध्ये बडीशेप, लसूण, मिरचीचे तुकडे. जर्मन ब्राटवुर्स्ट सॉसेजमध्ये जायफळ, मार्जोरम नावाची तसलीच पानं, मिरी. यातलं एकही असं नाही की जे परतल्याशिवाय तोंडात घालवत नाही. मिरी आपण अंड्यावर कच्चीच भुरभुरवतो, बडीशेप जेवणानंतर चघळतो, जायफळ श्रीखंडात किसतो. त्याच श्रीखंडावर एकदा चिमूटभर धनेपूड टाकून खाऊन पाहा, मग मी काय म्हणून राहिलो ते बरोबर कळेल.

आता मांस. तयार खिमा आणू नका, त्यात चरबी किती ते दुकानवालाही सांगू शकत नाही आणि बहुतेक वेळा कोरडाच असते. खांद्याचं मांस घ्या, चामडी काढून, आणि पाठीची कडक पांढरी चरबी वेगळी मागा. ७०० ग्रॅम मांसाला ३०० ग्रॅम चरबी. घाबरू नका, सॉसेज म्हटलं की २५ ते ३० टक्के चरबी लागतेच, त्याच्या खाली गेलात की तुमची ती भुरभुर टिकी परत येईल. पोटातली मऊ, हाताला लगेच वितळणारी चरबी मात्र नको, ती लोण्यासारखी पसरते. सदरकडं, मोहननगरच्या बाजूला, कामठीला पोर्क नेहमी विकणारे लोक आहेत, त्यांना नीट सांगितलं तर समोर तुकडे करून देतात. मांस उजेडात धरून बघा, तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे फोड दिसले तर घेऊच नका, ते टेपवर्म नावाच्या जंताचे फोड असतात. याबद्दल खाली परत लिहितो.

आता मिठावर येतो, कारण माझ्या मते निम्मं सॉसेज मिठातच आहे आणि लोक सगळ्यात जास्त इथंच धांदरटपणा करतात. तुम्ही लिहिलं २ चमचे. कोणता चमचा? पोह्याचा का चहाचा? सपाट का शिगोशीग? बारीक टेबल सॉल्टचा सपाट चहाचा चमचा साधारण ६ ग्रॅमचा होते, शिगोशीग पोह्याचा चमचा घेतला तर त्याच्या दुप्पट पण जाईल. जाडं मीठ घेतलं तर परत वेगळंच. त्यामुळं चमचा विसरा, डिजिटल काटा घ्या. १ किलोला, म्हणजे मांस आणि चरबी धरून एकूण १ किलोला, १६ ग्रॅम मीठ. माझा हात १६ वर बसलाय, कोणाला १५ आवडते, कोणाला १८, त्याच्या बाहेर सहसा जायचं नाही. मसाल्यासाठी सोनाराकडं असतो तसला छोटा पॉकेट काटा घेऊन टाका, कारण अर्धा ग्रॅम जायफळ आणि दीड ग्रॅम जायफळ यात सॉसेज आणि साबण इतका फरक आहे.

आणि मीठ इथं फक्त चवीला नसते. मिठानं मांसातलं प्रोटीन सुटते, मायोसिन म्हणतात त्याला, ते चिकट होते आणि चरबी-पाणी धरून ठेवते. म्हणून सॉसेज दाताखाली टुणकन तुटते आणि कोफ्ता फुटतो. पण नुसतं मीठ टाकून ते होत नाही, मळावं लागते. कणकेसारखं. कबाबवाले पण मळतात, पण इथं जरा जोर जास्त आणि सगळं थंडगार पाहिजे. २ ते ३ मिनिटं हातानं मळलं की खिम्याचे वेगळे वेगळे दाणे दिसेनासे होतात, गंजाच्या (पातेल्याच्या) कडेला पांढरट चिकट थर लागतो, बोटं ओढली की तार निघते. मग एक टिकी तळहातावर थापायची आणि हात उलटा करायचा. पडली तर अजून मळा. चिकटून राहिली तर झालं. माझ्याकडं शिकायला येणारी पोरं पहिल्यांदा हात उलटा करताना खाली दुसरा हात धरतात, त्यावरूनच कळते की यानं नीट मळलं नाही आणि त्याला स्वतःलाच माहीत आहे.

थंडगार म्हणजे किती, तर मांस फ्रीजमधून काढलं तेव्हा ४ डिग्रीच्या आत आणि मळून होईपर्यंत १० ते १२ च्या वर जाऊ द्यायचं नाही. त्याच्या वर चरबी मऊ होऊन लेपासारखी पसरते आणि मग तव्यावर सगळी वाहून जाते, मागं उरते तो रबर. खाटकाकडून समोर जाड जाळीतून काढून घेतलं तरी घरी आणून लगेच फ्रीजरमध्ये अर्धा तास. घरी करायचं असेल तर २-२ सेंटीमीटरचे तुकडे ताटात पसरून फ्रीजरमध्ये ठेवा, कडा कडक झाल्या की मशीनमधून काढा. मशीन नसेल तर मिक्सरमध्ये थोडे थोडे, बटण दाबलं-सोडलं, दाबलं-सोडलं असं, पेस्ट करू नका. मळताना १ किलोला ५० ते ६० मिली बर्फाचं पाणी, त्यानं मसाला पण सगळीकडं सारखा जातो. मळताना हात बधिर झाले पाहिजेत, हात मस्त वाटून राहिले म्हणजे मांस गरम झालं समजा.

वेळ असेल तर अजून एक करा: मीठ आणि मसाला आधीच त्या तुकड्यांना चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी खिमा काढा. मीठ आतपर्यंत जाते, मळायला कमी कष्ट. पण मळायचं आहेच, ते सुटत नाही.

आता तुम्ही टाकलेल्या एकेका वस्तूचा हिशोब करू. कांदा काढून टाका. मिठानं तो पाणी सोडतो आणि टिकीत पाण्याचे खड्डे होतात, तिथूनच फुटते. कांदा पाहिजेच असेल तर बाजूला कापून द्या. लिंबू तर आधीच बिलकुल नाही. आंबटानं मांसाचं वरचं प्रोटीन शिजल्यासारखं होते, दुधात लिंबू पिळल्यावर फाटते ना तसं, मग ते एकमेकाला धरत नाही. तुम्ही म्हणाल गोव्याच्या चोरिसमध्ये, म्हणजे तिथल्या सॉसेजमध्ये, तर व्हिनेगर असते. असते, पोर्तुगीजांकडून आलेली पद्धत आहे ती, पण तिथं मांसाचे तुकडे असतात, खिमा मळून बांधलेला नसतो, मीठही भरपूर असते आणि पुढं ते वाळवतात. त्याचं गणितच वेगळं. सांबार फ्रीजमध्ये रात्रभर मांसात राहिलं की काळं पडते आणि गवतासारखं लागते, वरून टाका.

आलं मात्र लोकांना माहीत नसलेला चोर आहे. ताज्या आल्यात मांस विरघळवणारं एन्झाइम असते, पपईसारखंच. तासाभरासाठी चालून जाते, पण रात्रभर ठेवलं की मळून मळून आणलेला सगळा चिकटपणा खलास, टिकी पिठूळ लागते. बाजारच्या पेस्टमध्ये वरून मीठ आणि आंबट पण घातलेलं असते, म्हणजे तुमचं मिठाचं माप तिथंच बिघडलं. आल्याची चव हवी तर सुंठ, १ किलोला १ ग्रॅम. लसूण ताजा चालतो, ६ ते ८ ग्रॅम, पाट्यावर किंवा खलबत्त्यात थोड्या मिठासोबत चेचून, आणि ते मीठ १६ ग्रॅममधलंच घ्यायचं. हळद नाही. वायगावची हळद आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्याचा अभिमान आहे, मला पण आहे, पण सॉसेजमध्ये ती कच्ची राहते आणि रंग पण आजारी दिसतो.

साखर टाका. हो, साखर. ४-५ ग्रॅम, नाहीतर थोडा किसलेला गूळ. गोड लागत नाही, मिठाची धार कमी होते आणि तव्यावर रंग छान धरते. नाश्त्याच्या अमेरिकन सॉसेजमध्ये गोडवा जरा जास्तच असते, तिथं ८-१० ग्रॅमपर्यंत जा.

तर साधं नाश्त्याचं सॉसेज जर करायचं असेल तर १ किलोला १६ ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम ताजी जाडसर कुटलेली काळी मिरी, ३ ग्रॅम सुकं सेज, १ ग्रॅम थाईम, अर्धा ग्रॅम जायफळ, १ ग्रॅम मिरचीचे तुकडे, ८ ग्रॅम गूळ. सेज इथं कोपऱ्यावरच्या किराण्यात मिळत नाही, मोठ्या सुपरमार्केटमध्ये नाहीतर ऑनलाईन. त्याच्याऐवजी ओवा टाका असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ओवा थाईमच्या जवळचा आहे, सेजच्या नाही, आणि टाकलाच तर अर्ध्या ग्रॅमच्या पुढं गेलात की टिकीला भज्यांचा वास येतो. इटालियन करायचं तर सेज-थाईम काढा, ७ ग्रॅम बडीशेप हलकी भाजून अर्धवट कुटून, ८ ग्रॅम लसूण, ३ ग्रॅम मिरचीचे तुकडे, ५ ग्रॅम काश्मिरी तिखट. जाड बडीशेप घ्या, लखनवी नाही, ती मुखवासात बरी. मसाला कधीही अगदी मैद्यासारखा बारीक करू नका, बारीक पूड पाणी पिऊन घेते आणि टिकी कोरडी होते, दाताखाली मधेच मिरीचा कण फुटला पाहिजे.

आता तुमचं झणझणीत. इथं मला माझी फजिती सांगावीच लागेल. हॉटेल सोडून आलो त्या पहिल्या थंडीत मी पण अतिशहाणपणा करून सावजी सॉसेज केलं होतं, इतवारीतून आणलेला मसाला ४० ग्रॅम किलोला, मला वाटलं आता नागपूर गाजवतो. माझ्या वहिनीचं माहेर गोळीबार चौकाकडचं, पक्कं सावजी घर. तिला पहिली टिकी दिली. तिनं एक घास खाल्ला, ताटली खाली ठेवली आणि म्हणाली, "भाऊजी, हे शिजवायच्या आधीच वाढलं का?" मी थर्मामीटर दाखवलं, ७२ डिग्री. ती म्हणे मांस शिजलं असेल हो, मसाला कुठं शिजला?

मग तिनंच रस्ता काढला, मी फक्त वजनं बसवली. चरबीतली ४० ग्रॅम चरबी बारीक चिरून लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवली, तूप सुटल्यासारखी सुटली. गॅस बंद केला, पाच-सहा सेकंद थांबली, मग कोरडा मसाला त्यात टाकला आणि उलट्या पळीनं फिरवत राहिली. आधी नाकाला जो धूळकट वास येत होता तो ३०-४० सेकंदात फिरला, दगडफुलाचा धुरासारखा वास वर आला, रंग विटकरीचा गडद लाल झाला. तिनं लगेच ते स्टीलच्या ताटात ओतलं, नाहीतर तिखट कढईच्या गरमीनंच करपते. मी ताट बर्फावर ठेवलं, दहा-पंधरा मिनिटांत त्याची लाल वडी गोठली, ती सुरीनं खरवडून थंड खिम्यात टाकली आणि मळलं. म्हणजे जे परतणं सॉसेजमध्ये होत नाही ते आधीच उरकून घेतलं, आणि तेही त्याच डुकराच्या चरबीत, बाहेरचं तेल नाही. तेव्हापासून मी आपल्या चवीचं कुठलंही सॉसेज याच्याशिवाय करत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, ती चरबी पूर्ण गोठल्याशिवाय मांसात टाकायची नाही, कोमट टाकली की सगळी मेहनत पाण्यात.

मसाला पण तयार घेऊ नका. तयार सावजी मसाल्यात खसखस, सुकं खोबरं असं दाटपणासाठी टाकलेलं असते, ते रश्श्यात पाहिजे, सॉसेजमध्ये ते रेतीसारखं लागते. कित्येक पाकिटांत मीठ पण असते, वाचून घ्या. माझं माप असं: भिवापुरी मिरची ४ ग्रॅम, काश्मिरी ६ ग्रॅम, धने ४ ग्रॅम, काळी मिरी ४ ग्रॅम, दगडफूल अर्धा ग्रॅम, लवंगा ३, मसाल्याची मोठी वेलची १ म्हणजे फक्त दाणे, जायपत्री अर्धा ग्रॅम. मिरच्या सोडून बाकीचं कोरडं भाजून जाडसर कुटायचं, मग सगळं त्या चरबीत. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, तिथल्या मिरचीला जीआय टॅग, म्हणजे त्या भागाच्या खास मालाचा सरकारी शिक्का, आहे आणि तिचा तिखटपणा सरळ आहे, जिभेवर लगेच लागते. ४ ग्रॅम वाचायला कमी वाटते, कारण रश्श्यात आपण मूठभर टाकतो, पण इथं पाणी नाही, कांदा नाही, खोबरं नाही, तिखटाला लपायला जागाच नाही. पहिल्यांदा ४ च ठेवा. आणि लाल रंग पाहिजे म्हणून भिवापुरी वाढवू नका, रंगाला काश्मिरी.

यानंतरचं काम कोणीच करत नाही आणि सगळ्यांनी करायला पाहिजे. सगळा खिमा मळून झाला की त्यातून सुपारीएवढा गोळा काढा, चपटा करा, छोट्या तव्यावर दोन्ही बाजूंनी पूर्ण शिजवा आणि खा. कच्चा खिमा जिभेला लावून मीठ बघायची सवय असेल तर ती आजच सोडा, पोर्क आहे ते. गरम गरम अर्धा खा, उरलेला अर्धा पूर्ण गार झाल्यावर खा, कारण गरम आणि गार टिकीत मीठ-तिखट वेगळं लागते. मीठ कमी वाटलं तर १ ग्रॅमनं वाढवा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परत सुपारी तळा. जास्त झालं तर पाणी-बटाटा असले उपाय इथं चालत नाहीत, बिनमिठाचा खिमाच मिसळावा लागतो, म्हणून १००-१५० ग्रॅम बाजूला राखून ठेवला तर बरं. आणि वहीत लिहा. मी किचनच्या टाइल्सवर मार्करनं लिहायचो, बायकोनं एकदा दिवाळीला सगळं पुसून टाकलं, तीन वर्षांची मापं गेली. वही घ्या.

ही सुपारी लगेच तळली तर लसूण आणि तिखट थोडं मागं असल्यासारखं लागेल. रात्रभर फ्रीजमध्ये राहिल्यावर दोन्ही पुढं येतात. म्हणून मीठ तिथल्या तिथं पक्कं करा, पण तिखट आणि लसणाला घाईनं वाढवू नका, उद्या परत एक सुपारी तळून बघा.

बाजारच्या सॉसेजसारखं आतड्याच्या नळीत भरायचं का? पहिल्या दोन-तीन वेळा नको. टिक्क्याच करा, ६० ग्रॅमच्या, दीड सेंटीमीटर जाड. तवा मध्यम-मंद, तेल नावापुरतं, चरबी स्वतःचं तेल सोडते. एका बाजूनं ४-५ मिनिटं, पलटा, परत तेवढंच, सराट्यानं दाबू नका, दाबून जे चर्रर्र वाजते ते तुमचंच सॉसेज बाहेर जाऊन राहिलं. तुमच्या टिक्क्या वरून जळाल्या कारण आच मोठी होती आणि वर कच्चं तिखट चिकटलेलं होतं.

आत शिजलं की नाही ते रंगावरून ठरवू नका, काश्मिरी तिखट टाकलं की आत लालच दिसते. काडीवालं थर्मामीटर घ्या, बाजूनं मधोमध खुपसा, ७१ डिग्री दिसलं की उतरवा. वर टेपवर्म लिहिलं होतं ते यासाठीच. टीनिया सोलियम म्हणतात त्याला. फोडवालं पोर्क अर्धकच्चं खाल्लं तर पोटात जंत होते. डोक्यात गाठी होऊन फिट येतात तो आजार मात्र त्या जंताची अंडी पोटात गेल्यानं होतो, घाण हात, न धुतलेली भाजी यातून, त्यामुळं तो पोर्क न खाणाऱ्यालाही होऊ शकतो. म्हणजे शिजवायचं पूर्ण, आणि हात, पाट, सुरी साबणानं धुवायची. त्याच पाटावर सांबार चिरू नका.

अजून एक, हे जरा गंभीर आहे. परदेशी रेसिपीमध्ये पिंक सॉल्ट वाचलं तर ते आपलं गुलाबी सैंधव नाही. ते मांस टिकवायला वापरतात ते नायट्राइट मिसळलेलं क्युरिंग सॉल्ट असते, गुलाबी रंग मुद्दाम टाकतात की साध्या मिठात घोळ होऊ नये, आणि आपल्याकडं नेमका त्याच रंगामुळं घोळ होते. सैंधव टाकून तुम्ही सॉसेज धुरावर ठेवलं किंवा गच्चीवर वाळवलं तर बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा धोका, आणि उलट क्युरिंग सॉल्ट सैंधव समजून १६ ग्रॅम टाकलं तर ते सरळ विष. बोट्युलिझम हे नावच लॅटिनमधल्या सॉसेजच्या शब्दावरून, बोट्युलस वरून आलंय, आता समजा. ताज्या टिक्क्या फ्रीजमध्ये ठेवून शिजवून खायच्या असतील तर यातलं काहीच लागत नाही. वाळवणं-धुरी देणं घरी एकट्यानं व्हिडिओ बघून करू नका, एवढंच.

आणि तुम्ही हे केव्हा केलं? लिहिलं नाही, पण मे महिना असेल तर अर्धा दोष तुमचा नाहीच. एका वर्षी मी मेमध्ये ६ किलोची ऑर्डर घेतली. बाहेर ४५, किचनमध्ये त्याच्याहून जास्त असेल, मळायला बसलो आणि लाईन गेली. इन्व्हर्टरवर पंखा चालते, फ्रीज नाही. दीड तास. मी हट्टानं बर्फ आणवला, गंजाखाली परात, परातीत बर्फ, तरी हाताखाली चरबी वितळलेली कळत होती, हात तुपाचे झाले होते. तळलं तेव्हा तव्यात चरबीचं तळं आणि मधे आक्रसलेल्या टिक्क्या, पुरा माल फेकला आणि पैसे परत केले. आता एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत ऑर्डर बंद, स्वतःसाठी करायचंच झालं तर पहाटे ५ ला, अर्ध्या अर्ध्या किलोनं. डिसेंबरात मात्र आपल्या नागपूरसारखं सॉसेजचं हवामान नाही, पारा १० कडं गेला की किचनच फ्रीज होते.

ठेवायचं म्हणाल तर मळलेला कच्चा माल फ्रीजमध्ये जास्तीत जास्त २ दिवस. फ्रीजरमध्ये टिक्क्यांच्या मधे बटर पेपर लावून पन्नीत हवा काढून बांधा, २ महिने चांगल्या राहतात. पण फ्रीजरसाठी करून राहिले असाल तर लवंग ३ ची २ करा, लवंग आणि लसूण गोठल्यावर उग्र होतात आणि मीठ थोडं मागं जाते. पन्नीवर तारीख आणि माप लिहा. माझ्या फ्रीजरमध्ये सध्या एक पुडी पडून आहे जिच्यावर मी फक्त "बरी" असं लिहून ठेवलंय, कोणती बरी, कोणत्या मापाची, काही आठवत नाही.